रक्तदात्यांचं पान उघडलं नाही

मंगळवार, सप्टेंबर २००७, हिंगोली

माझ्यासोबत रक्तदात्यांची वेबसाइट चालवणाऱ्या संतोषची वहिनी काल बाळंतपणात गेली. रक्त हवं होतं. तो दवाखान्यातून आमच्या साइटवर दाता शोधत होता आणि पान उघडेचना, नुसतं लोड होत राहिलं. रक्तदान शिबिराचे फोटो बघणाऱ्यांची गर्दी; फोटो काय, दात्यांचा शोध काय, सगळा भार एकट्या जावा सर्व्हरवर. त्याच्यासमोर एक साधा वेब सर्व्हर बसवू, फोटो तो देईल, जावाकडं फक्त शोध राहील, असं मी कधीची म्हणत होते. संतोष म्हणायचा, "मधात आणखी एक काहून? बिघडायला अजून एक जागा."

रक्त वेळेत मिळतं तर वाचली असती? कुणास ठाऊक.

आज तो आला. "बसव," एवढंच म्हणाला. बसवला. पान लगेच उघडलं. त्यानं वहिनीचा रक्तगट टाकला. पहिलाच दाता दवाखान्यामागच्या गल्लीतला निघाला.