ताईतात ठेवलेलं शेत

ती. फुमिएताईस,

इसाओचा कमरेतून वाकून नमस्कार (कंबर हल्ली निम्म्यातच अडते, उरलेला नमस्कार मनानं पुरा करून घे). तिकडं होक्काइदोत बर्फ खिडकीला टेकलं असेल. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? इकडं मात्सुएत आम्ही तिघंही ठणठणीत. मीसुद्धा, आणि त्यात नवल काय ते पुढं वाच.

आमच्या कोतोनेचं ते हातात धरायचं खेळाचं यंत्र तू पाहिलंयस. त्यातलं एकेक कार्ड टपाल तिकिटाएवढं. एक झाडूयंत्रानं गिळलं, एक पँटच्या खिशातून धुलाईत न्हाऊन आलं. राहिलं शेतीच्या खेळाचं. पोरीनं पहिलीपासून त्यात शेत वाढवलंय, गायींना नावं दिलीयत, एकीला तर तुझंच (रागावू नकोस, सगळ्यांत जास्त दूध तीच देते). म्हणून मी दुकानात जाऊन म्हटलं, बाबा रे, याची एक नक्कल काढून दे. पोरीच्या हाती नक्कल, अस्सल कपाटात. दुकानदार असा दचकला, जणू मी नोटाच छापून मागतोय! कायद्यात बसत नाही म्हणे. अगं, चोरी कुणाला करायचीय? विकत घेतलेली वस्तू. घराची दुसरी किल्ली करतोच ना आपण? तुझी भावजय सायोको खारवलेल्या आलुबुखारांची दुसरी बरणी भरून ठेवते, तिला कुणी बेड्या घालत नाही. मला तर वाटतं, कायदा करणाऱ्यांच्या घरी पोरंबाळं नसावीत.

मग स्वतःची अक्कल पाजळली. वर्षअखेरच्या साफसफाईत कार्ड हरवू नये म्हणून ते देवळातून आणलेल्या ताईताच्या पिशवीत सारलं. ताईत उघडला तर देव कोपतो, तेव्हा त्याला हात कोण लावणार? (मी आधी माफी मागून घेतली होती.) युक्ती बिनतोड! एवढंच विसरलो, की जुने ताईत नव्या वर्षी जाळण्यासाठी देवळात परत द्यायचे असतात. सायोकोनं ते नेमानं नेऊन दिले.

नववर्षाचं सूप पीत असताना कोतोनेनं विचारलं, "बाबा, माझं शेत कुठंय?" भाताचा चिकट गोळा माझ्या घशात अडकला. सायोकोनं पाठीत धपका घातला, तो उपचार होता की शिक्षा, अजून कळलेलं नाही. तिघंही देवळात धावलो. पुजारीबुवा म्हणाले, "लोक इथं देवाकडं मागायला येतात. देवाला दिलेलं परत मागायला आलेले तुम्हीच पहिले!" नशीब, ताईतांची होळी अजून पेटायची होती. ढिगातले ताईत सगळे लाल, सगळे सारखे. कोतोने रडत रडत एकेक चिमटीत दाबून बघत होती. शेवटी ओरडली, "हाच!" पुजारीबुवांनी पाठ फिरवली. "उघडा. मी बघत नाही. देवानं बघितलं तर तुमचं तुम्ही निस्तरा."

कार्ड यंत्रात घातलं. सगळ्या गायी जागच्या जागी रवंथ करत उभ्या! ताई, मी देवाची पुन्हा एकदा माफी मागून घेतली. पोरगी नाक पुसत म्हणाली, "बाबा, माझ्या पसाऱ्यात ते जास्त सुखरूप होतं." ऐकून घेतलं. जीव भांड्यात पडलेल्या माणसानं उलट बोलू नये.

भाऊजींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझा,
इसाओ

ता. क. जुन्या बाजारातून त्याच खेळाचं दुसरं कार्ड आणलं, राखीव म्हणून. पण आत शेत कुठलं? नुसतं माळरान! तेव्हा केवळ बापाचं कर्तव्य म्हणून मीच थोडी नांगरणी सुरू केलीय, कोतोने शाळेत असताना.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण हे, की माझी गाय चार दिवस दूध देत नाही. तुझा नातू हाच खेळ खेळतो ना, त्याला विचारून तातडीनं कळव. कोतोनेला विचारायची सोय नाही. ती कार्डच काढून घेईल, आणि माझ्या शेताची नक्कल कुणाकडंच नाही.