बायकोची तयारी होईपर्यंत

२ जानेवारी
जमीन घेतली. छोटं कौलारू घर, विहीर, मागे टेकडी. शहराशी माझं नातं मनाने आजच संपलं. फक्त देहाने जायचं बाकी आहे. अडचण एकच, बायको. तिला शहर सोडवणार नाही. तिची तयारी होईपर्यंत थांबायचं ठरवलंय. संसारात एकाने समजूतदार असावं लागतं.

७ जानेवारी
सराव सुरू. रोज पहाटे पाचला उठणार.
आज साडेआठला उठलो. तिकडे पक्षी उठवतात, इथे कोण उठवणार? गजर फारच कृत्रिम वाटतो.

१९ जानेवारी, रविवार
दोघं जमिनीवर जाऊन आलो. मी टेकडीकडे तोंड करून, डोळे मिटून उभा राहिलो. मातीशी संवाद. बायको तेवढा वेळ शेजारच्या शेतातल्या बाईंशी बोलत बसली. विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, पंप कोण बसवून देतं, दूध कुठे मिळतं. निसर्गाच्या कुशीत येऊनही ही पंपातच अडकलेली. कीव आली.
मुंगळा चावला. (मला.)

३ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं, नोकरी सोडतोय. साहेब म्हणाले, बरं. इतक्या वर्षांत माझी अर्ध्या दिवसाची रजासुद्धा त्यांनी एवढ्या पटकन मंजूर केलेली नाही. जेवणानंतर परत जाऊन सांगितलं, बायकोची तयारी नाही, जरा थांबतो. साहेबांचा चेहरा पडला. माझी काळजी वाटत असणार.

२२ फेब्रुवारी
शेतात घालायचे बूट आले. रुंद काठाची टोपीही आली. दोन्ही घालून लिफ्टमध्ये शिरलो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, कुठे शूटिंग आहे का? लोकांना साधेपणाची सवय राहिलेली नाही.
बायको एकटीच जाऊन पंप बसवून आली. मी जाणारच होतो, पण बूट चावतात.

१५ मार्च
बायको तिकडे दोन रात्री राहून आली. छान झोप लागली म्हणे. मन मारून असं बोलावं लागतं माणसाला. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तेवढं कळतं. मी जास्त खोदून विचारलं नाही.

३० मार्च
मीही एक रात्र राहिलो. अनुभव अवर्णनीय, म्हणून वर्णन करत नाही. फक्त नोंद: कौलांवर काहीतरी चालतं. बायको म्हणाली, मांजर आहे, झोपा. मांजर इतकं वजनदार नसतं. शिवाय शांतता फार. तिचा एवढा त्रास होतो हे जमीन विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.
सकाळी ऑफिसचं तातडीचं काम आठवलं, पहिल्या बसने निघालो. वाटेत लक्षात आलं, आज रविवार.

१८ एप्रिल
बायको सामान बांधतेय. मुलीला फोन केला. म्हटलं, आईला जरा समजाव, घाई करू नको म्हणावं, अजून मनाची तयारी झालेली नाही. मुलीने विचारलं, कुणाच्या मनाची, बाबा? लग्न झाल्यापासून फार तिरकस बोलते.

५ मे
बायको गेली. निघताना म्हणाली, चला ना हो, गाडीत जागा आहे. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. रागावली नाही. टोपी तेवढी मागून घेतली, उन्हात लागेल म्हणाली.
संध्याकाळी सवयीने दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायलो.

२ जून
तिचा फोटो आला. डोक्यावर माझी टोपी, हातात काकड्या, मागे टेकडी. दहा वर्षांनी लहान दिसतेय. मला राग आला. कशाचा, ते आधी कळेना. मग कळलं. ती माझ्या जागेवर उभी होती.
शनिवारी नक्की.

२० जून
तिचा फोन. म्हणाली, किती शनिवार गेले, तुमचा पाय काही त्या घरातून निघत नाही, म्हणून मीच मार्ग काढलाय. फ्लॅट एक तारखेपासून भाड्याने दिला. तिला देता येतो. मोहमाया सोडायची म्हणून मीच तो तिच्या नावावर केला होता.

१ जुलै
भाडेकरू आला. एकटाच, बँकेत नोकरीला, सज्जन वाटतो. त्याला चहा दिला आणि म्हटलं, मागची खोली तुम्हाला तशी लागणार नाही, मी राहिलो तर? तो म्हणाला, पण काका, काकू तर म्हणाल्या तुम्ही गावी राहता. राहतोच, म्हटलं, काकू तिकडे जरा रुळल्या की निघालोच. बिचाऱ्याने बराच विचार करून हो म्हटलं. अटी दोनच: स्वयंपाकघर आवरून ठेवायचं आणि पाहुणे आणायचे नाहीत.
शनिवारी बायको मला भेटायला येते म्हणाली होती. तिला कळवलं, इतक्यात येऊ नकोस. इथे माझं अजून नीट बस्तान बसलेलं नाही.