चिंतेची वेळ चार ते साडेचार

भवानी पेठ, सोलापूर
ता. ११ डिसेंबर १९७४

तीर्थरूप चन्नम्माक्कास, धाकट्या दाक्षायणीचे शरणु. दाजींच्या गुडघ्याला उतार पडला असेल, म्हैसही व्याली असेल. आम्ही इकडे खुशाल आहोत. हे वाक्य गेले चौदा महिने मी तुला प्रत्येक पत्रात लिहीत आले, पण खरं म्हणून आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

परवा सोमवारी आमचे हे कामावर रुजू झाले. फाईल सापडली! कुठे, तर साहेबांच्याच कपाटात, मिठाईच्या रिकाम्या खोक्याखाली. ती गहाळ केली म्हणून ह्यांना चौदा महिने सस्पेंड करून घरी बसवलं होतं. नवे साहेब आले, त्यांनी कपाट झाडायला लावलं आणि फाईल खाली पडली. (जुन्या साहेबांना कपाट होतं, झाडायची सवय नव्हती.)

आता सगळं झाल्यावर सांगते. पहिला महिनाभर ह्यांनी गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. रोज दहाला इस्त्रीचे कपडे, डबा, छत्री घेऊन निघायचे आणि साडेपाचपर्यंत सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसायचे. एके दिवशी छत्री तिथेच राहिली. फुटाणेवाला ती घेऊन घरी आला आणि भर गल्लीत, “तळ्यावरच्या सायबांचं घर हेच का?” म्हणून ओरडला. संपलं! दुसऱ्या दिवसापासून हे घरात, आणि घराची कचेरी झाली. मसाल्याच्या डब्यांना नंबर पडले. एकदा आमटीला उशीर झाला तर मला लेखी खुलासा मागितला. मीही लिहून दिला, की रॉकेलच्या रांगेत दोन तास उभी होते आणि त्या वेळी आपण डबे मोजत होता. (ते वाचून बिचारे वरमले. कागद मात्र जपून ठेवला.)

हे हसण्यासारखं होतं; पुढचं नव्हतं. हळूहळू डबेही सुटले. जेवण सुटलं. भिंतीकडे बघत बसायचे आणि दिवसातून चाळीस वेळा एकच विचारायचे, “फाईल गेली कुठं असेल गं?” डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि सांगितलं, चिंता करू नका. मग चिंता केली म्हणून नवी चिंता सुरू झाली.

शेजारची नागव्वा तुला आठवते ना, दुकानांना शेंगांची चटणी कुटून देते ती? तिचा हात मुरगळला होता. ती सरळ आत आली आणि ह्यांच्यापुढे खलबत्ता ठेवून म्हणाली, “क्लार्कसायेब, चिंता करायची तर करा की. तुमाला कोण न्हाय म्हणतंय? पर हात रिकामा कशाला? जरा कुटा.” मला वाटलं, आता हे भडकणार. पण त्यांनी बत्ता उचलला. पहिल्या दिवशी जुन्या साहेबांचं नाव घेत घेत इतकं कुटलं, की चटणीला तेल सुटून गोळाच झाला. नागव्वा म्हणाली, “लई झाक! रोज ह्याच सायबाचं नाव घ्या.”

मग ते रोज कुटू लागले. फाईल डोक्यातून गेली असं नाही हं अक्का. ती यायचीच. पण त्यांनी तिला वेळ ठरवून दिली, चार ते साडेचार. त्या अर्ध्या तासात ओट्यावर बसून मनसोक्त चिंता करायची. सकाळी आठवण आली तर “चारला ये” म्हणून तिला परत पाठवायचे आणि बत्ता हाणायचे. एकदा तुझे मल्लप्पा भाऊजी नेमके सव्वाचारला आले, तर ह्यांनी शांतपणे सांगितलं, “जरा बसा. माझी चिंता चालू आहे.” भाऊजी घाबरून निघाले. पण ह्यांना जेवण जाऊ लागलं, अक्का. दसऱ्यापर्यंत तर कधीकधी पाच मिनिटांत उठायचे, म्हणायचे, “आज काही खास नाही.” कामावर रुजू व्हायची ऑर्डर आली तेव्हा हात चटणीनं माखले होते. कागद मीच वाचून दाखवला. “बरं झालं,” म्हणाले आणि उरलेलं कुटून मगच उठले.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. देवाच्या कृपेनं संकट टळलं, आता काळजीचं काही कारण नाही.

तुझी,
दाक्षायणी

ता. क. – वरची शेवटची ओळ खोटी आहे. चौदा महिने मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही; सोमवारी हे कामावर गेले आणि मी चुलीपुढे बसून भाकरी करपेपर्यंत रडले. काल पुन्हा तेच. हातपाय गळाल्यासारखे झालेत. नागव्वा म्हणते, जा आईच्या नाहीतर बहिणीच्या घरी. आई आता नाही. मला पंधरा दिवस तुझ्याकडे यायचं आहे. चहासुद्धा करायला सांगू नकोस. आणि “आता सगळं नीट झालं ना, मग रडतेस कशाला?” असं मात्र विचारू नकोस.

ता. क. २ – ह्यांना सांगितलं. म्हणाले, आजच जा. तुमच्या वळसंगला टपालाआधी एसटी पोचते, तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडेल त्या वेळी मी बहुधा तुझ्याच माजघरात झोपलेली असेन. उठवू नकोस.