नावाच्या जागी

॥ श्री मार्तंड प्रसन्न ॥

छत्रीबाग, इंदूर
शनिवार, २२ मार्च २०२५

चि. यशवर्धन यास,

आईचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, आणि तू तिकडे वेळेवर जेवत असशील असं धरून चालते.

पत्र ऋषभच्या हाती देतेय. तुमचा हा ड्रमवाला रंगपंचमीला इकडे त्याच्या घरी आला होता, आज संध्याकाळच्या बसने पुण्याला परत निघतोय. सोबत लवंगवाली शेव आहे. सगळ्या बँडला वाट, एकटा बसून फस्त करू नकोस. फोन का नाही केला, असं विचारशील. अरे भिया, तुला फोन लावला की मागे धडामधुडूम चालू असतं आणि तू "आई, साउंड चेक आहे" म्हणून ठेवून देतोस. कागद असा मध्येच ठेवता येत नाही. म्हणून कागद.

तुझे आबासाहेब बरे आहेत. गुडघा धरतो, तरी दर बुधवारी खजराण्याला गणपतीला जायचं सोडत नाहीत. तिथे काय मागतात ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. तुझ्या बहिणीचा, रुपालीचा देवासहून फोन येतो. तिच्या शाळेच्या परीक्षा चालू आहेत.

आणि मी? मी तर स्टार झालेय! भाजीवाला मला 'जो जो वाली अम्मा' म्हणतो आणि कोथिंबीर फुकट टाकतो. परवा मंडईत एका पोरीने जबरदस्ती माझ्यासोबत सेल्फी काढला. म्हणाली, "आंटी, आपकी आवाज में क्या दर्द है!" मी तिला काय सांगू? बाई गं, मी ते म्हणत होते तेव्हा हसत होते. मांडीवर नात होती माझ्या.

तुझ्या बायकोची, कस्तुरीची तबियत ठीक आहे. परवापासून दोन्ही वेळा जेवते. केसांना तेल लावून घेतलं काल माझ्याकडून. तू तिच्याबद्दल विचारलं नाहीस, तरी लिहितेय. का जेवायला लागली, ते पुढे लिहिते. थोडा दम धर, मलाच धरावा लागतोय.

तुला तो दिवस आठवतच असेल. बारसं जवळ आलं होतं. मी पलंगावर बसून पाळण्याची प्रॅक्टिस करत होते, बाळी मांडीवर, कस्तुरी उशीला टेकून डिंकाचा लाडू चघळत होती. तू फोन समोर धरलास. म्हणालास, "आई, असे घरचे पाळणे आता कोणाकडे राहिले नाहीत, रेकॉर्ड करून ठेवतो." आपल्या घराण्यात ही रीतच आहे ना, प्रत्येक बाळाचा पाळणा आजी नवा बांधते, दुसऱ्याचा उष्टा म्हणत नाही. तुझा पाळणा माझ्या सासूबाईंनी बांधला होता. हा मी बांधला.

आबासाहेबांच्या मिशा ओढिते,
आत्याला बघून गाली हसते,
आजीच्या पदरात दूध सांडिते,
जो जो गं बाळे जो जो.

यातलं एकही तिने केलं नाही रे. मिशी नाही, हसणं नाही. तेवढा वेळच मिळाला नाही तिला.

शेवटचं कडवं आलं आणि मी थांबले. तू म्हणालास, "पुढचं म्हण ना." मी डोळे वटारले. नावाचं कडवं बारशाच्या दिवशीच, आत्याने कानात नाव सांगितल्यावर. आधी म्हणत नाहीत. तू हसलास, "काय आई तुझं!" आणि तेवढ्यात बाळीच रडली. कसलं जोरात! कस्तुरी म्हणाली, "घ्या आईजी, तुम्ही नाही म्हणालात, तर तिने स्वतःच सांगितलं नाव." आपण सगळे किती हसलो. आबासाहेब बाहेरून विचारत होते, काय झालं, काय झालं.

मग बारसं झालंच नाही. दोन दिवस आधीच ती गेली. डॉक्टर म्हणाले, काळीज कमजोर होतं. तू तिला हातावर घेऊन गेलास, आबासाहेब मागे गेले, आणि परत आल्यावर तू कोणाशी एक अक्षर बोलला नाहीस. मी कस्तुरीला सांभाळत होते. तुला कोणी सांभाळलं नाही, हे मला माहीत आहे. आई असून मला दोनच हात.

जानेवारीत तू बँड घेऊन पुण्याला निघून गेलास. कस्तुरीने पेटी कोपऱ्यात सरकवली, म्हणाली, मी आता गाणार नाही. तू म्हणालास, मी गायलो नाही तर मरेन. दोघंही खरं बोलत होतात. मी कोणाची बाजू घेणार होते?

फेब्रुवारीत माझ्या पाळण्यावरचं तुझं ते गाणं आलं. शेजारच्या भानुमतीबाईंनी मला फोनवर लावून दाखवलं. आधी मला माझाच आवाज ओळखू येईना. खाली ते गिटार घुमतं, वर मालवी ढोलकी, मध्ये तो कॉम्प्युटरवाला आवाज. गाणं वाईट नाही, हेही लिहिते. तुझा हात चांगलाच आहे. मग शेवटचं कडवं यायच्या जागी सगळं एकदम थांबतं. ऋषभ त्याला 'ड्रॉप' म्हणतो. सगळं गप्प. आणि त्या गप्प जागेत ती रडते. मग धडाम!

नावाच्या जागी तू तिचं रडणं ठेवलंस.

मी तुला तेव्हा फोनवर नको नको ते बोलले. तू एवढंच म्हणालास, "आई, मी हे तिच्यासाठी केलंय." आणि तेव्हापासून तुझे फोन कमी झाले. मला कळतं रे, बाळा. ज्या पोरीचं नाव कोणी घेणार नाही, तिला निदान आवाज तरी असावा, लोकांनी ऐकावा, ती होती म्हणून. तू बाप आहेस. तुझं चुकलं असं मी आज म्हणत नाही. पण काय झालं ते तुला कळायला हवं.

कस्तुरीला मी ते गाणं कळू दिलं नव्हतं. मोहल्ल्यात सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, आमच्या दाराशी लावू नका. लोक चांगले आहेत, कोणी लावलं नाही. ती तर खोलीबाहेरच येत नव्हती. रंगपंचमीला मी म्हटलं, चल, गेरची मिरवणूक बघायला चल. राजवाड्याजवळ रुपालीच्या मैत्रिणीचं घर आहे ना, तिच्या छतावरून बघू. वरून बघायचं, रंगात उतरायचं नाही. ती नको नको म्हणत होती, मीच ओढून नेलं. लग्नानंतरच्या पहिल्या रंगपंचमीला ही सांगलीकडची पोर ती गर्दी बघून कशी वेडी झाली होती, ते डोळ्यासमोर होतं माझ्या.

सकाळची वेळ. खाली मुंगीला जागा नाही. टँकरमधून रंग उडतोय, गुलाल चौथ्या मजल्यापर्यंत येतोय, गाड्यांवर डीजे. कस्तुरी कठड्याला धरून उभी होती. तिच्या कपाळाला गुलाल लागला आणि ती जराशी हसली. चार महिन्यांनी हसली. मी मनात म्हटलं, मार्तंडा, आता एवढं राहू दे.

आणि पुढच्या गाडीवर तुझं गाणं लागलं.

छतावरच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. "काकूजी, आपका गाना! आपका गाना!" मी त्यांना हाताने चूप म्हणते, पण त्या आवाजात कोण ऐकणार? खाली सगळी पोरं जो जो जो जो करून नाचून राहिली होती. मग ते थांबलं. एवढा मोठा चौक, पण क्षणभर सगळे हात वर करून उभे, आणि गाडीवरच्या त्या कपाटाएवढ्या स्पीकरमधून माझी नात रडली. मग धडाम, आणि सगळ्यांनी उड्या मारल्या.

  मी कस्तुरीकडे बघितलं तर तिचं ब्लाउज समोरून ओलं व्हायला लागलं होतं. गोळ्या देऊन दूध कधीचं बंद केलं होतं डॉक्टरांनी. ते रडणं ऐकून पुन्हा आलं. तिने दोन्ही हात छातीवर दाबले आणि लहान पोरीसारखं माझ्याकडे बघितलं. आजूबाजूचे सगळेच रंगाच्या पाण्याने भिजलेले, म्हणून कोणाला कळलं नाही. मी माझा पदर तिच्यावर टाकला आणि जिना उतरले. रिक्षा कुठली मिळायला? कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत तिला धरून चालत आणलं. लोक वाटेत "होली है" म्हणून रंग टाकत होते आणि मी त्यांना शिव्या देत होते. हो, शिव्या दिल्या. तुझी आई रस्त्यात शिव्या देत आली.

मला वाटलं, आता ही कायमची गेली हातातून. पण दुपारी ती स्वतः खोलीबाहेर आली. म्हणाली, "आईजी, ते गाणं माझ्या फोनवर लावून द्या." मी नाही म्हटलं. तिने स्वतःच शोधून लावलं. कानात ते इयरफोनचे बोळे घालून बसली. पुन्हा पुन्हा तेवढंच. मग कोपऱ्यातली पेटी काढली, इतक्या महिन्यांनी, आणि एक स्वर दाबला. पुन्हा ऐकलं. दुसरा दाबला. आणि मला म्हणाली, "हा तिचा सूर नाही. यशने तिला खाली आणलंय. तुमच्या पट्टीत बसावी म्हणून."

मी म्हटलं, बाई, रडण्याला कसला सूर?

तर म्हणाली, "ती याच्याहून बरंच वर रडायची. आणि शेवटी थोडी घसरायची. ते घसरणं कापलंय इथे, ढोल वेळेवर यायला हवा म्हणून." तिचा आवाज शांत होता. रागसुद्धा नव्हता. म्हणाली, "त्याच्याकडे अख्खं असेल ना? फोनमध्ये घेतलेलं? ढोल नाही, गिटार नाही, नुसती ती. मला ते पाहिजे. त्याला सांगा, गाणं त्याने खुशाल वाजवावं, अगदी परदेशातल्या एखाद्या महोत्सवातही वाजवावं. मला फक्त ते अख्खं द्यावं."

तेव्हापासून ती जेवतेय. तेल लावतेय. रोज विचारते, "यशचा फोन आला का?" तुझं नाव तिच्या तोंडून मी जानेवारीनंतर पहिल्यांदा ऐकलं. माझी सून त्या एका गोष्टीच्या आशेवर उठून बसली आहे.

काल ऋषभ पाया पडायला आला. त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो खाली बघायला लागला. म्हणाला, "काकू, वो फोन तो यश भिया ने जनवरी में एक्सचेंज में दे दिया. कॉम्प्युटरमध्ये गाण्यापुरता कापलेला तुकडाच आहे, सुरात बसवलेला. बाकीचं आम्ही ठेवलं नाही. तेव्हा कोणाच्या लक्षात नाही आलं." आणि तो एवढा धटिंगण रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, कस्तुरीसमोर तोंड पुसून जा.

मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ऋषभचं चुकत असेल, तुझ्याकडे कुठे तरी ते अख्खं असेल, तर बाबा, तू माझा देव. नसेल तर ते तूच येऊन सांगायचं, तिच्यासमोर बसून. मेसेजवर नाही. पाडव्याला तुझा तिकडे प्रोग्राम आहे, ऋषभ बोलला. सोड तो. लोकांना सांग, घरी काम आहे. ती तुला मारेल, बोलेल, कदाचित काहीच बोलणार नाही. पण तू तिच्यासमोर रडशील तरी. आजवर तुम्ही दोघं एकमेकांसमोर रडलाच नाहीत. तू रडलास ते सगळं त्या गाण्यात, आणि त्यावर लोक नाचले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

रात्री मी डोळे मिटून बाळीला आठवायला बघते. तिचं तोंड आठवतं, मुठी आठवतात, कानावरची लव आठवते. रडणं आठवायला गेले की गाण्यातलंच येतं. माझ्याच पट्टीतलं, मध्येच कापलेलं, मागून ढोल. खरं कसं होतं, ते मला आता आठवत नाही रे यशू. मी फार प्रयत्न केला. गेलं ते.

कस्तुरीला अजून आठवतंय. वरचा सूर, शेवटचं घसरणं, सगळं. पण ती सकाळपासून कानात तेच घालून बसली आहे, ढोलाखालची ती शोधत. तिचंही माझ्यासारखं झालं तर मग बाळी कुठेच उरली नाही.

लवकर ये.

जिने पाळणा बांधला आणि पुरा म्हटला नाही, ती
तुझी आई,
द्वारकाबाई