खारशेतला गाडी थांबते

१९ जानेवारी

थांबा बंद होणार. रेल्वेचे साहेब पाहणीला येतायत — इथं कोणी चढतं का, ते बघायला. आमचे माजी सरपंच हैबतराव म्हणाले, "तुम्ही लिहिता ना? मग स्टेशनाचा इतिहास लिहा. साहेबांच्या हातात देऊ." स्टेशन म्हणजे एक फलाट, एक शेड, तिकिटाची खिडकी. हरकत नाही. इतिहास लहान असला की खोटं कमी बोलावं लागतं.

२१ जानेवारी

चुकलो. पहिली गाडी हैबतरावांच्या वडिलांनी लाल पटका हलवून थांबवली — इति हैबतराव. फलाटावर सुकट वाळवणारी गिरजाबाई उसळली, "त्याचा बापूस तवा झोपलेला. माजे सासूनं लाल लुगरा हालवला, तवा गारी थांबली." संध्याकाळपर्यंत आणखी तीन-चार घरांतून लाल कापडं निघाली. इतकी फडकी एकदम हलली असती तर गाडी घाबरून मागच्या मागे पनवेलला गेली असती.

२२ जानेवारी

फलाटावर काय काय झालं, लिहून काढलं. लग्नं, क्रिकेट, पुरात गुरं, वालाच्या शेंगा, बारमाही सुकट. सगळं झालं, प्रवास सोडून. रोज चढणारी एकटी भाविका, गिरजाबाईची नात. रोह्याला कॉलेजात जाते. एसटी इथं येत नाही. थांबा गेला की तिचं कॉलेज गेलं.

मला म्हणाली, "काका, तुम्ही शेवटचे कधी बसलात गाडीत?"

मी स्कूटरला किक मारली.

२८ जानेवारी

फलाट धुतला. सुकट हलवली, वास राहिला. अख्खं गाव नटून हजर, ढोलताशासकट. साहेब गाडीतून उतरले. हार, नारळ, हैबतराव सुरू. ओवाळायला भाविका.

"आजी, माझी गाडी —"

"गप गो. सायबाला पयला ओवाल."

गाडी सुटली.

तेव्हा कुठं लक्षात आलं, चढलं कोणीच नाही! भाविकासुद्धा तबक धरून फलाटावरच.

साहेबांनी कपाळावरचं कुंकू पुसलं नाही, एवढं खरं. म्हणाले, "सोमवारी परत येतो. तेव्हा ओवाळू नका. बसा."

२९ जानेवारी

भाविका आज आजीकडे न बघताच गाडीत चढली. गिरजाबाई वाळलेली सुकट पुन्हा पुन्हा उलटतेय.

२ फेब्रुवारी

सगळे बसले! गिरजाबाईनं डोक्यावर सुकटीची पाटी घेतली, "जायाचाच हाय, तर मोकल्या हातानं कशाला?" साहेबांना इतिहास द्यायचा म्हणून मी मागे राहिलो. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकले, विचारलं, "तुम्ही नाही गेलात?"

संध्याकाळी हैबतराव रोह्याहून परतले. म्हणाले, "खिडकीतनं आपलं गाव बरं दिसतं हो. मी आज पयल्यांदाच बसलो."

१२ फेब्रुवारी

थांबा राहिला. सहा महिन्यांपुरता. पण राहिला.

१३ फेब्रुवारी

सासूच्या लुगड्याचं एकदा नीट विचारावं म्हणून फलाटावर गेलो. ना सुकट, ना गिरजाबाई. हैबतराव म्हणाले, "ती आता रोज नातीबरोबर जाते. रोह्याच्या बाजारात बसते."

तिकीट काढलं.