कांद्याचा ताप आणि बंद फाटक

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
पक्षिरोग आपत्कालीन नियंत्रण कक्ष,
नवी राजधानी, रायपूर (छत्तीसगढ)

विषय : आमचा ताप खरा की खोटा, याचा एकदाचा निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे कांद्याविषयीचे परिपत्रक.
२) माझे यापूर्वीचे हिंदीतील अर्ज व त्यांवरील 'नियमानुसार कार्यवाही करावी' हा शेरा.

महोदय,

मी, पद्मजा घाटे, सहायक पशुवैद्यकीय क्षेत्र अधिकारी, राहणार चौबे कॉलोनी, सध्या मुक्काम बीरगांवलगतचे रोगग्रस्त कुक्कुटपालन केंद्र, अंडी ठेवण्याची खोली, सविनय सादर करते की हा अर्ज मी मुद्दाम मराठीत लिहीत आहे. आपण मूळचे अमरावतीकडचे आहात असे समजले. आपल्या कक्षातील लिपिकांना हा अर्ज वाचता येणार नाही, त्यामुळे त्यावर शेरा न मारता ते तो थेट आपल्यापुढे ठेवतील अशी आशा आहे. आतला कागद बाहेर नेण्यास मनाई असल्याने मी तो कुंपणाच्या तारेला लावून धरीन आणि पहाऱ्यावरचे हवालदार पलीकडून फोटो काढतील. अक्षर त्यासाठीच मोठे काढले आहे.

१. या केंद्रातील बाधित कोंबड्या मारून पुरण्याचे काम माझ्या पथकाने पूर्ण केले. खड्ड्यांवर चुना टाकणे आणि शेड धुणे अजून चालू आहे. पथकाला संरक्षक पोशाख चढवणे, तो योग्य क्रमाने उतरवणे आणि कोणी आजारी पडणार नाही हे पाहणे ही माझी जबाबदारी आहे. प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते की काम सकाळच्या गारव्यात करावे, पोशाख चढवण्याआधी पोटभर पाणी प्यावे, थोड्या थोड्या वेळाने सावलीत बसावे. प्रत्यक्षात पाहणीची गाडी राजधानीतून निघून आमच्याकडे येईपर्यंत ऊन डोक्यावर येते, आणि गाडी आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही असा आदेश आहे. मे महिन्यातल्या रायपुरात, पत्र्याच्या शेडमध्ये, नखशिखांत प्लास्टिक घालून माणसाने काय करावे हे त्या आदेशात लिहिलेले नाही.

२. म्हणून मी ते केले, जे नागपूरपासून रायपूरपर्यंत प्रत्येक आई करते. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून प्रत्येकाला जवळ बाळगायला एकेक कांदा दिला. पोशाखाला खिसा नसतो, तेव्हा गमछ्याच्या घडीत बांधून तो आत काखेशी बसवला. पोशाखाच्या आत अंगठी, घड्याळ, मोबाइल नेऊ नये असे पुस्तिकेत आहे. कांद्याचे नाव त्यात नाही, हे मी तेव्हाच पाहून घेतले होते.

३. आता मूळ दुखणे. आम्हाला केंद्रातच विलगीकरणात ठेवले आहे, आणि आदेशानुसार पथकातील एकालाही ताप आढळला तर साऱ्या पथकाची विलगीकरणाची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. तपासणीचे डॉक्टर भर दुपारी येतात आणि पोशाख उतरवताच थर्मामीटर लावतात. तव्यावरून काढलेली भाकरी गरम निघाली म्हणून तिला कोणी आजारी म्हणत नाही, पण आमच्यापैकी कोणी ना कोणी रोज तापलेला निघतो आणि फाटक उघडणे पुढे ढकलले जाते. सकाळी ताप मोजा, असे मी लिहून दिले. सकाळी गाडी उपलब्ध नसते, असे उत्तर आले.

४. अशाच एका दुपारी एकाचा पोशाख उतरवताना कांदा घरंगळत डॉक्टरांच्या बुटापाशी गेला. त्यांनी तो उचलला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अच्छा! स्कूल के बच्चों वाली चाल. प्याज का बुखार!" काखेत कांदा धरून ताप आणतात आणि शाळा चुकवतात, हे मलाही ठाऊक आहे. पण साहेब, ताप आला की आमची सुटका लांबते. आम्ही तो मुद्दाम कशाला आणू? शिक्षा वाढवून मागणारा कैदी आपण कधी पाहिला आहे का?

५. त्यानंतर आपले परिपत्रक आले. त्यात लिहिले आहे की या पथकाचा ताप कांदाजन्य असल्याने उपचारासाठी ग्राह्य धरला जाणार नाही. तथापि विलगीकरणाची मुदत मोजताना तो ग्राह्य राहील. मी ते तीनदा वाचले, मग पथकाला मोठ्याने वाचून दाखवले. आधी सगळे हसले. नंतर एकाने ते माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचले. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी ही गत आहे. आत डांबण्यापुरता आमचा ताप खरा आणि दवाखान्यापुरता खोटा. परिपत्रकाच्या अंमलबजावणीसाठी स्वयंपाकघरातले कांदेही जप्त झाले. तेव्हापासून आम्ही बिनकांद्याची भाजी खातो. त्याबद्दल तक्रार नाही.

६. तक्रार सुशीलबद्दल आहे. सुशील मेश्राम हा पथकातला सर्वांत अनुभवी माणूस, राहणार बीरगांव. त्याचे घर इतके जवळ आहे की चुन्याच्या ढिगावर उभे राहिले की छतावरची निळी टाकी दिसते. रोज संध्याकाळी त्याची बायको विजया तारेपलीकडे येऊन उभी राहते. डबा आत देता येत नाही, तरी ती तो घेऊन येते आणि परत घेऊन जाते. मला विचारते, "ताई, यायले कवा सोडून राहिले?" मी रोज उद्या म्हणते. आता माझी मलाच लाज वाटते.

७. परवापासून सुशीलला ताप आहे. तो दुपारचा नाही. पहाटेच्या गारव्यात, अंगावर पोशाख नसताना, केंद्रात एकही कांदा नसताना मी मोजला, तर एकशे तीनच्या वर. प्रतिबंधक गोळ्या त्याने माझ्यासमोर घेतल्या आहेत, तरीही आज खोकला आहे आणि दम लागतो. भर उन्हात तो मला म्हणाला, "ताई, मले थंडी वाजून राहिली. पण तुम्ही लिहू नका, पुन्हा सगळ्यायचे दिवस वाढतीन." मी लिहिले. डॉक्टरांनी फाटकाबाहेरूनच विचारले, "फिर प्याज?" आणि परिपत्रकाचा क्रमांक सांगितला. आम्ही बोलावलेली रुग्णवाहिका फाटकापर्यंत आली. उपचारास पात्र ताप असल्याचा दाखला नसल्याने तिला परत पाठवण्यात आले. तिचा भोंगा लांब जाईपर्यंत सुशील ऐकत होता. मला भीती वाटते, साहेब. मी कोंबड्या कशा मरतात ते पाहिले आहे.

८. तरी आपणास नम्र विनंती आहे की आपण कोणताही एक निर्णय द्यावा. ताप खरा असेल तर रुग्णवाहिका आणि पूर्ण पोशाखातले डॉक्टर आत पाठवून सुशीलला दवाखान्यात हलवावे. ताप खोटा असेल तर आमची मुदत केव्हाच संपली आहे, फाटक उघडावे. मग दवाखान्यात त्याला मी नेईन, आणि जाताना त्याचा व माझा मुखपट्टा कसा बांधायचा हे मला कोणी शिकवायला नको. आपला निर्णय कोणताही असो, माणूस बाहेर निघेल. तिसरा निर्णय मात्र देऊ नये. तो आपण आधीच देऊन ठेवला आहे.

९. बाकीच्यांनी मला सांगायला लावले आहे की आमची मुदत खुशाल पुन्हा पहिल्यापासून मोजावी. कुणाचीही हरकत नाही. कांदा देण्याची कल्पना माझी एकटीची होती. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती माझ्या नावे काढावी, सुशीलच्या छातीवर नको.

आपल्या उत्तराची तारेशी उभी राहून वाट पाहणारी,

पद्मजा घाटे
सहायक पशुवैद्यकीय क्षेत्र अधिकारी

दिनांक : आजचाच. उद्यावर टाकू नये.

सोबत : १) सुशील मेश्राम यांच्या पहाटेच्या तापाची नोंद.
२) पथकातील सर्वांचे मुदतवाढीस संमतीपत्र, अंगठे व सह्यांसह.

ताजा कलम : आपल्याकडून पुन्हा झडतीचा आदेश येईल आणि त्यात वेळ जाईल, म्हणून हवालदारांच्या देखत मी स्वतःच झडती घेतली. सुशीलला दोन्ही हात वर करायला सांगितले. त्याने केले. काखेत काही नाही. तापाच्या ग्लानीत हात त्याला पुन्हा खाली घेता येईनात, ते मी धरून खाली ठेवले.