पंपावरचा चार-चौदा नंबर

ठाणे, १८ जून १९८९

आदरणीय बाबुराव यांस,
चांगदेवचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मीरावहिनींना जिना चढताना दम लागतो असं कळलं. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या शेजारणींनाच खाली बोलवावं असं माझं मत आहे. (त्या येणार नाहीत, आणि त्यानंच निम्मं बरं वाटेल.) माझी तब्येत ठीक आहे. फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं पाना सटकून काळी पडली आहेत, आणि त्याचं कारण सविस्तर सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो आहे.

मार्चअखेर मी एस.टी.च्या खोपट डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या. तिसऱ्या आठवड्यात चेंदणी कोळीवाड्यातला दामाजी घरी आला. त्याच्या वडिलांनी, म्हणजे गोमाजींनी, खाडीकडचं एक मिठागर बंद पडलं तेव्हा तिथला जुना अमेरिकन ट्रॅक्टर घेऊन ठेवला होता. रंग लाल, पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे लांबून तो तीनचाकी सायकलसारखा दिसतो. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या खाडीतून वर ओढायच्या, एवढंच त्याचं काम. आता पाण्याचा पंप किंचाळत होता आणि गळतही होता. पूर्वी होडी ओढायला वीस माणसं लागायची. त्यांतली निम्मी आता कारखान्यात जातात, पाळी सोडून कोण येणार? पाऊस लागायच्या आत तीन होड्या वर आल्या नाहीत तर गेल्याच समजा. मी म्हणालो, "दामाजी, मला उघडता येत नाही असं इंजिन अजून जन्माला आलेलं नाही." (तुमच्या बहिणीनं, मंजुळेनं, तेव्हाच विचारलं होतं की निवृत्त तुम्ही झालात की डेपो. मी तेव्हा पाने पिशवीत भरत होतो.)

आता डेपोची रीत तुम्हाला सांगतो. आमच्याकडे पार्ट म्हणजे नंबर. नंबर लिहा, चिठ्ठी खिडकीत द्या, पार्ट हातात. कंपनीची पाटी खाऱ्या हवेनं कधीच खाऊन टाकली होती, त्यामुळे ट्रॅक्टर कुठल्या सालचा, कुठल्या मॉडेलचा, काही कळेना. पण पंपाच्या अंगावर ओतीव अक्षरांत '४-१४' आणि पुढे एक इंग्रजी अक्षर होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि कल्याणला विश्रामच्या भंगाराच्या दुकानात गेलो. तो नंबर त्याच्या एकाही यादीत सापडेना (चहा मात्र पाजला). त्यानं दिल्लीच्या एका जुन्या ट्रॅक्टरच्या दुकानाचा पत्ता दिला. मी तिथे पत्र टाकलं, मग आठवणपत्र, मग जरा कडक भाषेतलं तिसरं. मधल्या काळात हात रिकामे राहू नयेत म्हणून मी ट्रॅक्टरची बाकीची प्रकृती सुधारत होतो: ठिणगी देणारा मॅग्नेटो साफ केला, रेडिएटर धुतला, टाकीतून एक मेलेला खेकडा काढला. रोज सकाळी जायचो, दिवेलागणीला यायचो.

जूनच्या दोन तारखेला दिल्लीचं उत्तर आलं. एकच ओळ. "महोदय, यह पार्ट नंबर नहीं, ढलाई की तारीख है." ढलाई म्हणजे ओतकाम, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणे. म्हणजे चौथा महिना, चौदावा दिवस, पुढचं अक्षर सालाचं. बाबुराव, मी दर वर्षी चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढे चालणारा माणूस. यंदाही चाललो. आणि तीच तारीख पुढचा दीड महिना खिशात घेऊन फिरलो आणि मला ती ओळखता आली नाही.

हे दामाजीला सांगायला गेलो तेव्हा आकाश भरून आलेलं. तो नुसता होड्यांकडे बघत बसला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. त्याची सून माळू जाळं शिवत होती. तिनं विचारलं, "काका, मोडलंय काय तं एकदा बाहेर काढलंय का?" काढलेलं नव्हतं. नंबर असताना पार्ट कशाला काढायचा, हा आमचा डेपोचा हिशेब. मी पंप सोडवला (नखं त्या वेळची), आतली बेअरिंग ठोकून काढली. माळूनं ती रॉकेलमध्ये घासली, फडक्यानं पुसली आणि उजेडाकडे धरली.

"यो बघा, वंगणाखाली लिवलंय."

कडेवर बारीक कोरलेला नंबर होता. तो मी वाचताच ओळखला. आमच्या जुन्या गाड्यांच्या डायनामोला हीच बेअरिंग बसायची. तीस वर्षांत मी अशा शेकड्यांनी बदलल्या असतील. बेअरिंगच्या एका नंबरचं माप जगात सगळीकडे एकच असतं, हे मी शिकाऊ मुलांना शिकवत असे.

दुपारी कल्याणहून बेअरिंग आणली. विश्रामनं पैसे मोजून घेतले (या वेळी चहा पाजला नाही). गळती थांबवायला माळूनं दोरा गुंडाळून पंपाच्या दांड्याची जाडी मोजली आणि मी त्या मापाचं सील शोधलं. सात तारखेला ट्रॅक्टर दोनदा खोकला, मग चालू झाला. तिन्ही होड्या वर आल्या, आणि तिसरीचा दोर सोडत असतानाच पावसाचे थेंब पडायला लागले. दामाजीनं माझ्या हातात नारळ दिला. मी तो माळूला दिला.

वहिनींना व मुलांना जयभीम.

तुमचा,
चांगदेव

ता. क. हे पत्र तुमच्या नावानं असलं तरी मंजुळेला वाचून दाखवा. ती तुमच्याकडे येऊन महिना होत आला, आणि माझी दोन पत्रं तिनं फोडलीच नाहीत असं वहिनींनी कळवलं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटायला आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं. मी ट्रॅक्टरखाली होतो. तिनं एकटीनं पातेलं नेलं, खीर वाटली आणि तिथूनच बस धरली. चूक माझी. हे वाक्य जरा मोठ्यानं वाचावं.

पुन्हा ता. क. दिल्लीच्या पत्राचा भाग वाचताना ती हसली तर लगेच पोस्टकार्ड टाका. मी स्वतः घ्यायला येतो.

आता हे फक्त मंजुळेला. मिक्सर बंद पडला आहे. मी तो उघडलेला नाही. चटणी पाट्यावर वाटतो आहे.